नळ्यांचा गाळा आणि नानांचा कान

आमच्या गाळ्यात नळ्यांचे कापलेले तुकडे टाकायला बिस्किटांचा एक जुना डबा आहे. दर पंधरा दिवसांनी भरतो. किश्शांना असा डबा नाही, त्यामुळे ते जेवताना, ग्राहकासमोर, कुठेही सांडतात. आज थोडे तुमच्यापुढे सांडते.

आधी धंदा सांगते, नाहीतर माझ्या मावशीसारखं "म्हणजे फ्रिज रिपेअर करता का गं?" असं विचाराल. भारी काम करणारा कॉम्प्युटर इतका तापतो की नुसत्या पंख्याने भागत नाही. मग त्याच्या पोटात नळ्या फिरवून पंपाने पाणी खेळवावं लागतं. लालबागला एका जुन्या इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं हे करतो. पार्ट निवडतो मिलिंद, फिटिंग करतो गिरगावचा सॅव्हियो, आणि नळ्या कापणं-वाकवणं हे माझं, म्हणजे वैशालीचं खातं. माझ्याइतकी सरळ नळी मुंबईत कुणी बसवून दाखवावी, चहा माझ्याकडून!

मिलिंदचे वडील, नाना, पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. पहाटे चारला उठून रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवायचे आणि घोडपदेवच्या चाळींना पाणी सोडायचे. मिलिंदने बँकेतली नोकरी सोडून हा गाळा घेतला, तेव्हा ते म्हणाले, "लोक पावसात मीटरबॉक्समधलं पाणी बाहेर काढतात, आणि आमचं पोरगं मुद्दाम आत घालतंय!" वर्षभर ते गाळ्याची पायरी चढले नाहीत. मिलिंद हसून सोडून द्यायचा, पण त्याला ते लागायचं. आम्हाला दिसायचं.

*

आमची पहिलीच ऑर्डर. नळी जोडायची फिटिंग सॅव्हियोने मागवली, नळी मी. दोन्ही पाकिटांवर ठळक 'दहा मिलिमीटर'. नळी फिटिंगच्या तोंडावर मस्त बसली. वरचं झाकण आवळायला घेतलं, तर ते नळीभोवती नुसतं गरागरा फिरतंय! नळी आतून दहा आणि बाहेरून तेरा. फिटिंग होती आतून दहा, बाहेरून सोळावाली.

"अरे, पण आतून सेम आहे ना?" सॅव्हियो म्हणाला.

मिलिंद म्हणाला, "शर्ट घेताना नुसती कॉलर मापतोस काय रे?"

त्याच दिवशी मी भिंतीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आतलं माप आणि बाहेरचं माप, दोन्ही बघा.' आता ग्राहक येतात आणि सुविचार समजून त्याचा फोटो काढतात!

*

हिंदमाताच्या एका साडीवाल्यांचा मुलगा आला. गेमिंगचा जबरदस्त नाद. मिलिंदने त्याला अर्धा तास समजावलं. नळी बाहेरून सोळाची घे, जाड असते, वळणावर दबत नाही. आतून आणखी मोठी घेतलीस तरी मशीन काही जास्त गार व्हायचं नाही. मुलगा शहाण्यासारखी मान हलवत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने खिशातून ब्लाउजपीसचा तुकडा काढला.

"पाणी या कलरचं पाहिजे. एक्झॅक्ट मोरपंखी!"

सॅव्हियोने तुकडा उजेडात धरून बघितला आणि अगदी अदबीने विचारलं, "फॉल-पिको पण करून देऊ?"

*

मग आलं प्रभादेवीच्या एका एडिटिंग स्टुडिओचं काम. आमचं सगळ्यात मोठं. पहिलं मशीन नीट चाललं तर आणखी चार मिळणार होती, आणि ते गळलं असतं तर त्या लाइनीत कुणी आम्हाला दारात उभं केलं नसतं. मिलिंदची त्या दिवसांत झोप उडाली होती. त्या गडबडीत तो घरी डबा विसरला, आणि तो द्यायला नाना पहिल्यांदा गाळ्यात आले.

डबा ठेवला. टेबलावरचा नवा रेडिएटर, म्हणजे तापलेलं पाणी गार करणारी जाळी, उचलला. खोक्यावर 'तांबं' छापलेलं होतं. नानांनी खिशातली किल्ली काढून त्याच्या कोपऱ्यावर सरळ ओरखडा मारला.

"अहो नाना!" मिलिंद ओरडलाच.

"बघ, आतून पांढरं. हे अॅल्युमिनियम आहे. आणि पाणी पुढे ज्यातून फिरणार तो हा तुझा ठोकळा तांब्याचा. हे दोघं एका पाण्यात नांदायचे नाहीत, एक दुसऱ्याला खाणार."

रेडिएटर परत गेला. दुसऱ्या दिवशी मिलिंद डबा आठवणीने घेऊन आला. नाना तरीही आलेच!

*

मशीनमध्ये पाणी भरलं, तर नळीत हवेचा बुडबुडा अडकून बसला. सॅव्हियो तासभर टिचक्या मारत होता. नानांनी मशीन एका बाजूने वीतभर उचलायला लावलं. बुडबुडा निमूट वर गेला.

"अंकल, हे कुठल्या यूट्यूबवर बघितलं?" सॅव्हियोने विचारलं.

"चाळीच्या चौथ्या मजल्यावर," नाना म्हणाले.

*

आणि आता ते मशीन न्यायचा दिवस. चोवीस तासांची चाचणी पास, तापमान झकास, कुठे एक थेंब नाही. स्टुडिओच्या मॅडम स्वतः टेम्पो घेऊन आलेल्या. नाना पुढे झाले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. रस्त्याखालची गळती ते अशीच सळई लावून ऐकायचे.

"देऊ नकोस. आत काहीतरी घासतंय."

स्क्रीनवरचे सगळे आकडे बरोबर होते. मॅडम घड्याळ बघत होत्या. मिलिंदने आकड्यांकडे बघितलं, नानांकडे बघितलं.

"मॅडम, सॉरी. आज नाही देणार."

मॅडमचा चेहरा बघवत नव्हता. पण त्या गेल्या नाहीत, खुर्ची ओढून समोर बसल्या. आम्ही पाणी काढलं, पंप उघडला. आत पात्याला नखाएवढा नळीचा तुकडा चिकटलेला. माझ्याच हातच्या कटिंगचा! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. नाना एवढंच म्हणाले, "पोरी, नळी कापली की फुंकर मारायची."

दुसऱ्या दिवशी मशीन गेलं. सोबत चाचणीचा कागद जातो, त्यावर 'तपासणारा' म्हणून नेहमी मिलिंद सही करतो. त्याने पेन नानांपुढे धरलं. नानांनी चष्मा पुसला, सावकाश सही केली आणि खाली सवयीने हुद्दा लिहिला, 'चावीवाला (निवृत्त)'. मिलिंदला एकदम ठसका लागला आणि तो पाणी प्यायला बाहेर गेला. मी पण गेले.

महिन्याने मॅडमचा फोन आला. मिलिंदने स्पीकरवर टाकला.

"बाकीची चारही मशीन तुमच्याकडूनच. पण कागदावर सही त्या चावीवाल्यांचीच पाहिजे. चाचणी कधी ठेवता? मी बघायला येणार."

मिलिंदने नानांकडे बघितलं.

"पहाटे चारला या म्हणावं," नाना म्हणाले. "मी उठलेलाच असतो."