गोळीचे तीस फोटो

गेल्या महिन्यात मुखेडच्या दवाखान्यात माझं डोकं असं सटकलं... विचारू नका. हातात सुरेखाचा रिपोर्ट. हिमोग्लोबिन आधी ७.९ होतं, महिन्यानंतर ८.०! महिनाभर आम्ही काय गोट्या खेळत होतो?

थोडं आधीचं सांगते. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या कॉलेजचा परदेशातल्या एका युनिव्हर्सिटीसोबत प्रोजेक्ट आहे, गरोदर बायकांचं रक्त वाढवायचा. मला आणि माझ्या मैत्रिणीला, अश्विनीला, मिळालं मुखेडजवळचं एक गाव, आणि सहाव्या महिन्यातली सुरेखा.

डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, रक्त वाढलं नाही तर बाळंतपण इथं नाही, नांदेडला. नांदेडचं नाव काढलं की तिला रडू फुटायचं. घरी तीन वर्षांची लेक, नवरा पुण्याकडं कामाला, सासूचे गुडघे गेलेले. "पोरीला कुणापाशी ठिवू मी?" एवढंच म्हणायची.

मग आम्ही कंबर कसली. प्रोजेक्टचा नियमच होता... लोहाची गोळी आमच्या डोळ्यांदेखत घ्यायची आणि फोटो ॲपवर टाकायचा. रोज कॉलेज सुटलं की अश्विनीच्या स्कूटीवरून गावात. रविवारीसुद्धा! ऊन काय, धूळ काय, एक खाडा नाही.

तीस दिवस, तीस फोटो. ॲपवर सगळं हिरवंगार. ऑनलाइन मीटिंगमध्ये परदेशी मॅडम नुसतं 'एक्सलंट, एक्सलंट'.

आणि रक्त जिथल्या तिथं! मला सरळ सुरेखाचाच संशय आला. ही गोळी गालात धरते आणि आम्ही वळलो की थुंकते, दुसरं काय? रागारागात गाव गाठलं आणि तिथल्या आशा सेविका आहेत ना, कमलताई, त्यांच्यापुढं सगळं भडाभडा बोलून टाकलं.

कमलताईंनी शांतपणे माझा मोबाईल घेतला. एकेक फोटो सरकवत गेल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "ह्ये काय हाय, बाई?"

"गोळी, ताई. तोंडात टाकताना."

"गोळी दिसायलीय मला. तिच्या बाजूला काय हाय?"

कपबशी.

पुढच्या फोटोत कपबशी. त्याच्या पुढच्यात पण... तीसच्या तीस फोटोंत वाफाळता चहा!

अहो, आम्ही दारात दिसलो की सुरेखाची सासू, शेवंतामावशी, लगेच चहा टाकायच्या. आणि पाहुणीला एकटीनं चहा प्यायला लावायचा नाही, घरातल्या बाईनं सोबत घ्यायचा, ही त्या घरची रीत. म्हणजे सुरेखा गोळी घ्यायची आणि लगेच आमच्यासोबत कपभर चहा.

चहामुळं गोळीतलं लोह अंगी लागत नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत! ॲपमध्ये चव्वेचाळीस प्रश्न, पण चहाचा एक नाही. आणि आम्ही दोघी शहाण्या रोज 'मस्त झालाय हं मावशी' म्हणत फुरके मारत होतो.

"ती एरवी दुपारचा चहा पीतच न्हाई," कमलताई म्हणाल्या. "तुमच्यापायी पिती."

लाज वाटली. सुरेखाला खोटारडी ठरवून बसले होते, त्याची जास्तच वाटली.

कमलताईंनीच घरी नेऊन फर्मान काढलं, ह्या पोरींला आजपासून चहा बंद. शेवंतामावशी भडकल्या. "पाहुणीला कोरडं धाडू व्हय?" तासभर वाद! शेवटी लिंबूपाण्यावर तडजोड झाली, आणि तेही सुरेखाच्या गोळीसोबत सगळ्यांनी मिळून प्यायचं.

मी सुरेखाची माफी मागितली तर ती हसायला लागली. "मला वाटलं, तुमच्या प्रोजेक्टात चहा बी हाय."

काल पुन्हा रिपोर्ट आला. ९.६! डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं तर नांदेड नको, इथंच करू. सुरेखा दवाखान्यातच लेकीला पोटाशी धरून रडली... आणि मी पण.

कमलताई, मीटिंगमध्ये तुमचं नाव घेऊन सगळं सांगितलंय. ॲपमध्ये आता पंचेचाळिसावा प्रश्न चहाचा आहे.

शेवंतामावशींनी मात्र मला दम भरलाय, "पोरगी मोकळी होऊ दे, मग चहा घेतल्याबिगर उठू देत न्हाई तुला."

घेते की मावशी. पण सुरेखाच्या गोळीनंतर दोन तासांनी!