गेंड्याला शिकवलेली झाडतोड

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या गेंड्याला मी तिच्या नकळत झाड तोडायला शिकवलं. वर, ते मी केलंच नाही असं तिला सांगितलं. पहिल्या गोष्टीला मूर्खपणा म्हणता येईल. दुसरीला काय म्हणायचं ते मी इतकी वर्षं ठरवतो आहे, आणि दर वेळी जरा सौम्य शब्द सापडतो का ते बघतो आहे.

गेंडा खेळातला होता. पुण्याहून कंपनीने मला नॉटिंगहॅमला पाठवलं त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि मुलीच्या वर्गातल्या सगळ्या मुली हातात मावणाऱ्या दोन पडद्यांच्या यंत्रावर चित्रविचित्र प्राणी पकडत होत्या. पकडायचे, पोसायचे, एकमेकांशी झुंजवायचे. बरोबर फक्त सहा प्राणी ठेवता येत. आपल्याकडे चौदा विद्या आणि चौसष्ट कला; इथे प्रत्येक प्राण्याला विद्या चारच. पाचवी शिकवायची तर आधीची एक विसरायची.

विद्या शिकवायला चकत्या असत. काही चकत्या एकदा वापरल्या की संपल्या. काही मात्र कितीही प्राण्यांना, कितीही वेळा वापरता येत. झाड तोडणे, दगड ढकलणे, पाण्यातून पलीकडे नेणे अशा हमालीच्या विद्या या दुसऱ्या प्रकारात येत, कारण त्यांच्याशिवाय खेळातला रस्ताच पुढे सरकत नसे. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. पुनर्वापर हा आमचा कुलधर्म. न संपणारी चकती म्हटल्यावर माझे हात जोडले गेले. तिची एक अट मात्र मला ठाऊक नव्हती. तिने शिकवलेली विद्या प्राण्याला सहजासहजी विसरता येत नाही.

हे सगळं ठाऊक असलेली पोरं एक युक्ती करत. दात पुढे आलेला, झुंजीत कुचकामी असा एक बीव्हर बरोबर ठेवायचा आणि हमालीच्या सगळ्या विद्या त्याच्या गळ्यात घालायच्या. तो लढत नसे. झाडं तोडायची, दगड ढकलायचे, बाकीच्यांनी पराक्रम करायचे. आमच्या ऑफिसातल्या टीममध्ये हे काम कोणाकडे होतं ते मी सांगत बसत नाही. तो दुपारचा डबा घरून आणायचा, एवढं पुरे.

मुलीच्या गेंड्याकडे धरणीकंप नावाची विद्या होती. तिची चकती एकच, आणि एकदाच वापरायची. खेळातल्या सायकलींसाठीच्या पुलाखाली बाहेरून न दिसणारं एक दार होतं, आत अंधारी गुहा, आणि त्या गुहेत ती चकती. वर्गात ती दुसऱ्या कोणाला सापडली नव्हती. शुक्रवारी शाळा सुटल्यावर वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता. चारजणी आपापली यंत्रं जोडून झुंजी लावणार होत्या, आणि या वेळी पहिल्यांदाच माझ्या मुलीला बोलावणं होतं. "बाबा, माझी गेंडा सगळ्यांना फ्लॅट करणार," ती आठवडाभर सांगत होती. गेंड्याचं लिंग तिने स्वतःच ठरवलं होतं आणि मी दुरुस्त करणं सोडलं होतं.

गुरुवारी बॉयलरवाला आठ ते एकच्या दरम्यान येणार होता, म्हणजे एकला पाच मिनिटं असताना. मी घरून काम करत होतो, म्हणजे करत नव्हतो. मुलगी सकाळी म्हणाली होती की एका झाडाने तिचा रस्ता अडवलाय, बघते वीकेंडला. यंत्र सोफ्यावर पडलं होतं. म्हटलं, लेकीचं काम करून टाकू. बापाने सरप्राइज द्यावं.

उघडून बघतो तर सहा जणांच्या टीममध्ये एक बीव्हर, ज्याचा झुंजीत शून्य उपयोग. त्याच आठवड्यात साहेबांनी मला माझ्या टीममधलं एक माणूस कमी करायला सांगितलं होतं. तिथे मला ते जमत नव्हतं. इथे जमलं. बीव्हरला काढून गोदामात टाकलं आणि झाडतोडीची चकती गेंड्याला लावली. चार विद्या आधीच आहेत, कोणती विसरू, असं यंत्राने विचारलं. मी यादी वाचली. लातूरच्या भूकंपानंतर कॉलेजच्या पोरांबरोबर दारोदार भांडी-कपडे गोळा करत हिंडलेला मी माणूस. धरणी हादरवणं ही काय शिकायची गोष्ट आहे? झाड तोडणं कसं, निदान उपयोगी. मी धरणीकंपावर बोट ठेवलं. नक्की ना, असं यंत्राने पुन्हा विचारलं. नक्की, म्हटलं. झाड तोडलं, खेळ सेव्ह केला, आणि बॉयलरवाल्यासाठी चहा टाकला.

संध्याकाळी मुलगी यंत्र घेऊन स्वयंपाकघरात आली. चेहरा पांढरा.

"बाबा, गेंडाचं अर्थक्वेक कुठे गेलं?"

आता खरं बोलायला चांगली दोन-तीन सेकंदं होती. मी ती विचारपूर्वक वाया घालवली.

"बघू. अगं, हा बग असणार."

"पण बीव्हर पण बॉक्समध्ये आहे."

"मोठा बग आहे," मी म्हणालो.

बायको पोळी लाटत होती. तिचं लाटणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

मी व्यवसायाने टेस्टर. दोष सापडला की तो कसा कळवायचा हे शिकवायचे मला पैसे मिळत. मुलगी म्हणाली, आपण कंपनीला लिहू या. तेव्हा मी तिला शेजारी बसवून रीतसर तक्रार लिहायला शिकवली. अपेक्षित निकाल: गेंड्याला धरणीकंप येतो. प्रत्यक्ष निकाल: गेंड्याला झाड तोडता येतं. "पुन्हा तसंच घडवून दाखवता येतं का?" मी विचारलं. ती म्हणाली नाही. "मग इंटरमिटंट असं लिही," मी सांगितलं, आणि स्पेलिंगही सांगितलं. 'माझे वडील एक्स्पर्ट आहेत आणि ते म्हणतात हा बग आहे,' हे वाक्य तिने स्वतःच्या मनाने घातलं. मी ते खोडलं नाही. बापाचा मान राखणारी वाक्यं खोडू नयेत.

शुक्रवारी ती वाढदिवसाला गेली. गेंड्याने समोरच्यांवर झाडतोड चालवली. समोरचे झाडं नव्हते. परत येताना गाडीत बसल्यावर तिने यंत्र दप्तरात कोंबलं.

"काय झालं?"

"मी सांगितलं बग होता. त्या म्हणाल्या असं कधीच होत नाही. दे सेड मी कधी अर्थक्वेक मिळवलंच नव्हतं." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "लायर म्हणाल्या."

मी गाडी चालवण्यावर लक्ष केंद्रित केलं. नियमांचा मी पक्का.

सोमवारपासून ती दुपारच्या जेवणाला शाळेच्या डिनर हॉलमध्ये एकटी बसते, हे तिच्या टीचरकडून बायकोला कळलं. तीन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं. फार नम्र पत्र होतं. ही चकती आपोआप चालत नाही, खेळणाऱ्याला दोनदा विचारलं जातं आणि दोन्ही वेळा त्याने होकार दिला तरच विद्या बदलते, असं त्यात होतं. मुलीने ते दोनदा वाचलं.

"मग मीच केलं असणार," ती म्हणाली. "झोपेत वगैरे. सॉरी बाबा. मी लेटरमध्ये तुझं नाव एक्स्पर्ट म्हणून लिहिलं."

"असू दे," मी म्हणालो. "पुढच्या वेळी नीट बघत जा."

हो, असं म्हणालो. तिने माझी माफी मागितली आणि मी तिला उदार मनाने क्षमा केली.

ती वर गेल्यावर बायको म्हणाली, "बॉयलरवाल्याच्या दिवशी तू काय करत होतास, मला माहितीय. सोफ्यावर तिच्या गेमला चार्जर तूच लावून ठेवला होतास."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुझं नाक मी का पुसू? मोठा झालायस ना."

शनिवारी मुलीचा मराठीचा वर्ग एका चर्चच्या हॉलमध्ये असे. त्या शनिवारी आम्ही वेळेआधी पोचलो. गाडी उभी केली आणि इंजिन बंद न करताच मी सांगून टाकलं. झाड, बीव्हर, चकती, सगळं. ती समोरच्या काचेकडे बघत ऐकत होती.

"तुला दोनदा विचारलं होतं?"

"हो."

"दोन्ही वेळा यस म्हणालास?"

"हो. मला वाटलं, उपयोगी पडेल. चुकलो. आणि खोटं बोललो, ते त्याहून वाईट. सॉरी."

"गेममध्ये एक म्हातारा आहे, त्याच्याकडे नेलं की झाडतोड विसरता येते," ती म्हणाली. "पण अर्थक्वेक परत नाही येत."

"नवीन गेम आणू या?"

"नको." दार उघडून ती एक पाय बाहेर टाकून थांबली. "मला सॉरी म्हणून काय उपयोग? लायर तर मला त्या म्हणाल्या. त्यांना सांग."

सोमवारी ऑफिसला उशिरा येतो असं कळवून मी शाळेच्या फाटकापाशी उभा राहिलो. त्या चौघींपैकी तिघीजणी आल्या, दोघींच्या आया सोबत. माझी मुलगी माझ्यापासून चार हात दूर, आपण कोणाच्या नाहीच अशी उभी. मीटिंगमध्ये घसा साफ करतो तसा मी केला. म्हणालो, धरणीकंप तिच्याकडे होता, तिने स्वतः शोधला होता. मी तिला न विचारता तो पुसला आणि बग आहे असं सांगितलं. खोटं मी बोललो, ती नाही.

"पण तुम्ही बीव्हरला का नाही शिकवलं?" एकीने विचारलं. "सगळे बीव्हरलाच शिकवतात."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे फार कीव येऊन बघितलं. तेवढ्यात जिचा वाढदिवस होता ती चौथी मुलगी धावत आली. माझी मुलगी पहिल्यांदा बोलली.

"बाबा, हिने ऐकलं नाही. परत सांग."

मग मी त्या मुलीकडे वळलो आणि पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं, आणि शेवटी माझ्या मुलीकडे बघून सगळ्यांसमोर सॉरी म्हणालो.