गोळ्या गाडीत राहिल्या

त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं ऑपरेशन करता येणार नाही. घरी येऊन यजमानांनी कपाटातून कॅमेरा काढला.

रोह्यापासून पेणपर्यंतची जुनी घरं, दुकानं टिपायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. मी नको म्हटलं नाही. गाडी मात्र मी चालवणार, एवढंच बोलले. रोह्यात त्यांनी लाकडी सज्जे, गंजलेली कुलपं, नदीकाठच्या ओल्या भिंती टिपल्या. ते फोटो काढत आणि मी त्यांच्या श्वासाकडे कान लावून उभी राहत असे.

मग धरमतरच्या बाजूला गेलो. तिथे बांधाला खांड पडून खाडीचं पाणी शिरलं होतं आणि एक गाव कधीच उठून गेलं होतं. गाडी बांधापाशी ठेवून आम्ही सुकल्या चिखलातून आत गेलो. मिठाने भिंती खाल्ल्या होत्या. एक म्हातारी बिनछपराच्या घराचा उंबरा धूत होती. गाव उठलं तरी वर्षातून एकदा येऊन आपला उंबरा धुवायचा, नारळ वाढवायचा, अशी गावकऱ्यांची रीत, हे तिनेच सांगितलं. मग तिने फोटोचा हट्ट धरला. आधी स्वतःच्या दारात, मग शेजारणीच्या, कारण शेजारीण आता येत नाही. यजमान हसत होते. भरतीचं तिघांच्याही लक्षात राहिलं नाही.

पाणी खांडीतून आवाज न करता आलं. परतीची वाट बुडालेली दिसली आणि यजमानांनी छातीवर हात ठेवला. त्यांच्या गोळ्या गाडीत होत्या. मी पदर खोचून पाण्यात उतरले आणि गुडघाभर चिखलात रुतले. म्हातारीने दंडाला धरून मला वर ओढलं.

"तू बुडलीस तं याला कोन बगल गो?"

आम्ही जोत्यावर बसलो. तिने उंबऱ्यावरचा नारळ फोडून पाणी त्यांच्या तोंडाला लावलं. त्यांचे ओठ निळसर पडले होते. मी मनगटावर बोटं ठेवून होते; ठोका चुकला की माझाही श्वास अडे. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "उजेड चांगला आहे." मला त्यांचा राग आला.

ओहोटी लागल्यावर दोघींनी त्यांना धरून गाडीपाशी आणलं. मी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली.

त्या दिवशी ते वाचले. पावसाळ्याआधी एका दुपारी झोपेतच गेले.

आता घरात मी आहे, आणि ते फोटो.