विहीणबाईंनी पाहिलेली स्थळं

कॉलेजं मुलांना नापास करतात हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण कॉलेजांना नापास करणारी बाई अख्ख्या मावळात एकच, आणि ती नेमकी माझी विहीण. माझ्या सुनेची आई. राहतात लोणावळ्याजवळ, वलवणला. तिथं ओट्यावर बसून, मांडीवर फोन ठेवून, खोपोलीपासून पुण्यापर्यंतच्या कॉलेजांच्या वेबसाइटी त्या एकेक करून तपासतात आणि निकाल देतात. बारावीचा निकाल लागला की परंदवडीची माणसं पोराला मोटरसायकलवर मागं बसवून त्यांच्याकडं पोचतात. लांबचं कशाला, आमच्या वडिवळ्यातला शेजारी, ज्याचा शेंबूड पुसून मी त्याला शाळेत पाठवला, तो जुन्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन माझ्या दारावरून निघाला. कुणाकडं रे, म्हणून विचारलं, तर म्हणाला, वलवणच्या आजींना पोरीचं कॉलेज दाखवायचंय. तांदूळ आमच्या गावचा, पोरगी आमच्या गावची, आणि मान वलवणला. आता तुम्हीच सांगा, मुलाकडची कोण? मी. लग्नात मानाची साडी कुणाला? मला. आणि विचारायला जातात कुणाकडं? तेही एक वेळ मी गिळलं असतं. पण मला माझी राहिलेली दहावी करायची होती, आणि ती विहीणबाईंना न विचारता करायची होती. सगळं रामायण त्यातून झालं.

आधी हे स्थळांचं वेड कसं लागलं ते सांगते. आमची नात बारावी झाली तेव्हा तिनं फोनवर वलवणच्या आजीला सहज सांगितलं की घरी सगळे संकेतस्थळं बघत बसलेत. आता विहीणबाईंचं सगळं आयुष्य लग्नं जमवण्यात गेलेलं. अर्ध्या मावळातले संसार त्यांनी जुळवून दिलेत, आमच्या घरातला धरून. त्यांना त्या शब्दातलं 'संकेत' ऐकूच आलं नाही, नुसती 'स्थळं' ऐकू आली. दुपारच्या गाडीनं कामशेतला उतरल्या, तिथून जीपनं वडिवळ्यात, आणि चपला काढायच्या आधी मला म्हणाल्या, "विहीणबाई, पोरीचं शिक्षान व्हायचंय आन् तुमी स्थळं बगाया लागलात? आमाला इचारायची पन गरज न्हाई?" मी समजावून सांगितलं, अहो, कॉलेजची स्थळं, फोनवरची. दुसरी कुणी असती तर पदर तोंडाला लावून हसली असती आणि चहा पिऊन परत गेली असती. या बाई माघार घेतील तर ना. खाली टेकल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "मंग? पोरगी इतकी वर्सं त्येंच्या दारात जानार. स्थळच न्हवं का ह्ये? दावा हिकडं." त्या दिवशी त्यांनी जी पाहायला सुरुवात केली ती आजतागायत.

त्यांचं पाहणंही रीतसर असतं. वेबसाइट बघायची म्हणजे 'कार्यक्रम'. अंगावर धुतलेलं इरकल पाहिजे, खाली सतरंजी पाहिजे आणि पोहे झाल्याशिवाय फोन उघडायचा नाही. आमच्याकडं कार्यक्रम असला की पोहे करणार कोण? मी. मुलाकडची असून. बरं, पोहे खाऊन झाले की सगळं जग जिथून बघायला सुरुवात करतं तिथून त्या करत नाहीत. बोटानं पान सरसर वर सरकवत एकदम तळाला जातात. म्हणतात, घर पुढच्या दारातनं बघायचं नसतं, परसात जाऊन बघायचं. तळाला बारीक अक्षरात वर्ष लिहिलेलं असतं. ते जुनं असलं की चष्मा कपाळावर चढतो आणि निकाल होतो: "ह्या घरात सांजचा दिवा लागत न्हाई." मग वाचन. त्यांची शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळं अक्षराला अक्षर जोडत, बोट ठेवून वाचतात. मी भराभर वाचणारी. कामशेतच्या वाचनालयातली पुस्तकं मी भाकरी भाजता भाजता संपवलेली आहेत. पण भराभर वाचणारा माणूस पुष्कळ वगळतो, आणि विहीणबाई एक अक्षर सोडत नाहीत. 'सर्वांगीण विकास', 'उज्ज्वल भवितव्य', 'कुशल व अनुभवी अध्यापकवृंद' असं त्या एकेक शब्द सोडवत नेतात आणि शेवटी मान वर करून विचारतात, "मुलगा निर्व्यसनी हाय, गोरा हाय, समदं कळलं. पन घरात मानसं कोन कोन?" म्हणजे शिकवणाऱ्यांची नावं कुठं आहेत. ती नसली की पोह्यांची बशी बाजूला सरकते.

फोटोंच्या बाबतीत तर त्यांना फसवणं देवालाही जमायचं नाही. लोणावळ्यात पाहुण्यांना भाड्यानं देतात तसल्या एका बंगल्याची देखभाल त्या करतात. त्या बंगल्याच्या मालकानं पोहायच्या टाक्याचा फोटो काढायला आणलेला माणूस जमिनीवर पालथा झोपला आणि त्यानं असा काही फोटो काढला की म्हशीला डुंबायला अपुरं पडेल असलं ते टाकं वलवणच्या धरणाएवढं दिसायला लागलं. तेव्हापासून कुठलाही फोटो दिसला की विहीणबाई आधी, काढणारा कुठं उभा होता, याचा विचार करतात. कॉलेजच्या हिरवळीवर पोरंपोरी पुस्तकं छातीशी धरून हसतायत असा फोटो सगळीकडं असतो. त्यांना तो मुळीच पटत नाही. अभ्यास करणारं पोर फोटोत जांभई देताना सापडायला पाहिजे, असं त्यांचं मत. आणि काही वेबसाइटींवर कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडते, 'मी आपली काय मदत करू' असं विचारणारी. विहीणबाईंनी नातीकडून तिथं लिहून घेतलं, जेवलीस का गं बाई. उत्तर आलं, कृपया आपला अभ्यासक्रम निवडा. त्यांनी परत विचारलं, गाव कुठलं तुझं. परत तेच. "पोरीला वळान न्हाई," एवढं बोलून त्यांनी ते कॉलेज नाकारलं.

चुकत नाहीत असं मात्र समजू नका. परंदवडीच्या एका मुलानं त्यांनी नाकारलेल्या कॉलेजात हट्टानं नाव घातलं आणि आज तो चांगल्या नोकरीला आहे. मला हे कळलं त्या दिवशी मी घरात शिरा केला. नैवेद्याचं निमित्त होतं, पण खरं सांगायचं तर शिरा त्यासाठीच होता. विहीणबाईंना मी हे मुद्दाम फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, स्थळ वंगाळच हुतं, पोरानं नांदवून दाखवलं. आता या बाईपुढं काय बोलायचं?

तर माझी दहावी. माझं लग्न झालं तेव्हा मी नववीत होते. सासरच्यांनी शब्द दिला होता की लग्नानंतर शिकवू. पुढं काय झालं ते तुमच्याही घरात कुणाला तरी ठाऊक असेल. आता नातवंडं मोठी झाली, घरातलं सगळं सुनेनं हातात घेतलं, तेव्हा मी मनाशी ठरवलं की मोठ्या माणसांसाठी वर्ग असतात तिथं जायचं, आणि तो वर्ग माझा मी शोधायचा. विहीणबाईंना पेढा द्यायला जायचं ते एकदम पास झाल्यावर. दुपारी सगळे झोपले की मी फोन घेऊन बसायची. शेवटी एक जागा मनात भरली. केशरी रंगाची वेबसाइट, घरबसल्या दहावी, आणि मधोमध एक पांढऱ्या केसांची बाई चष्मा लावून पुस्तकाकडं बघून हसतेय. मला वाटलं, ही मीच. नातीला दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे गं आजी. आधी वलवणच्या आजीला दाखवूया." तिच्या मनात काही नव्हतं हो. पण मी नको म्हणेपर्यंत तिनं वलवणला फोन लावलासुद्धा.

विहीणबाई आल्या. इरकल नेसून. पोहे मी केले, आणि चवीला बघितलेच नाहीत, होऊ देत खारट म्हटलं. त्या तळाला गेल्या, वर आल्या, एकेक बटण दाबून पाहिलं. अभ्यासक्रम म्हणून दाबलं तिथं 'लवकरच येत आहे', शिक्षक म्हणून दाबलं तिथंही 'लवकरच येत आहे'. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "लग्नानंतर शिकवू म्हनत्यात न्हवं, तशातलं हाय ह्ये. तुमी एकदा फसलाय, मी बी फसलीय. आता पुन्ना न्हाई." आणि त्या हसणाऱ्या बाईवर बोट ठेवून म्हणाल्या, ही गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीत पण अशीच हसते. मी तिथून उठले आणि मोरीत जाऊन उगाच भांडी घासली. राग त्यांचं खोटं होतं म्हणून नव्हता. खरं होतं म्हणूनच होता.

मग मी इरेला पेटले. म्हटलं, आता असं स्थळ शोधते की या बाई हमखास नाकारतील, आणि त्यांच्या नाकावर टिच्चून मी तिथंच जाईन. तळेगावात दर रविवारी भरणारा एक वर्ग सापडला. वेबसाइट इतकी ओंगळ की बघवेना. मागं पोपटी रंग, वर लाल अक्षरं मालगाडीसारखी सरकतायत, आणि फोटो एकच, तोही हललेला, फळा आणि अर्धं बाक. मी खुशीत विहीणबाईंना बोलावलं. पोहेसुद्धा त्या दिवशी नीट केले, खोबरं घालून. त्या तळाला गेल्या. वर्ष चालू होतं. शिकवणाऱ्या बाईंचं आणि सरांचं नाव होतं, पुढं ज्याचा त्याचा मोबाइल नंबर. आणि खाली एक सूचना: गणिताच्या सरांच्या मुलीचं लग्न असल्यामुळं येत्या रविवारी वर्ग भरणार नाही, त्याऐवजी आज भरेल. विहीणबाईंनी ती सूचना दोनदा वाचली. "ह्या घरात मानसं हायत," त्या पुटपुटल्या, आणि माझा चेहरा उतरला.

पण त्यांचा शेवटचा डाव राहिला होता. नंबर असला की त्या ऐन जेवणाच्या वेळी फोन करतात, अवेळी गेलं की घर कळतं म्हणून. त्यांनी तो लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. एका बाईंनी उचलला. म्हणाल्या, जरा थांबता का, धडा वाचतोय, एवढा होऊ दे. आणि फोन तसाच टेबलावर ठेवला असावा, कारण पलीकडून वर्ग ऐकू यायला लागला. बायका एकसुरात वाचत होत्या. म्हातारे, बसके आवाज. एक जण अडखळली, दुसरीनं तिला काहीतरी कोपरखळी मारली, सगळ्या हसल्या, आणि परत पहिल्यापासून सुरू झाल्या. मी विहीणबाईंकडं पाहत होते. आता म्हणतील, शिस्त नाही. पण त्यांचे ओठ त्या बायकांबरोबर हलत होते. पोहे गार झाले, पलीकडचा धडा संपला, बाईंनी फोन परत उचलून हॅलो हॅलो केलं तरी त्यांचे ओठ हलतच होते. शेवटी मीच बोलले आणि प्रवेशाचं विचारून घेतलं. मी फोन ठेवल्यावर विहीणबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "हितं पोरगी द्यायला हरकत न्हाई."

पोरगी म्हणजे मी. माझा विजय झाला की त्यांचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी जायला लागले. आता रविवारी संध्याकाळी घरी पाय ठेवला की वलवणहून फोन, नव्या नवरीच्या आईचा यावा तसा. बाई नीट बोलत्यात का, गणिताचे सर रागवत न्हाईत न्हवं, डबा कुणासंगं खाल्लात. आणि सगळं विचारून झाल्यावर, सहज विचारल्यासारखं, "आज काय वाचलं?" त्या 'आज'मध्ये जे होतं ते दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला पहिल्या रविवारीच कळलं. हेवा कसा वाजतो ते माझ्याइतकं कुणाला माहीत? मी म्हटलं, तुम्हीही या की, गाडीनं कितीसं लांब आहे. तर म्हणाल्या, "लग्नं जमवनारी बाई सोता बोहल्यावर हुबी ऱ्हाती व्हय?" मग जरा थांबून म्हणाल्या, रविवारीच बंगल्यावर पाहुण्यांची गर्दी, त्या दिवशी हलता येत नाही.

म्हणून आता आमचं असं चालतं. वर्ग सुरू झाला की मी त्यांना फोन लावते आणि तो चालूच ठेवून वहीशेजारी उपडा घालते. बाईंना सांगितलंय, त्यांची ना नाही. तिकडं लोणावळ्यात पाहुण्यांची गाणी दणदणत असतात आणि विहीणबाई मागच्या पायरीवर बसलेल्या असतात. इकडं आम्ही कविता म्हणायला लागलो की माझ्या फोनमधून, आमच्या मागं अर्धा शब्द राहून, एक आवाज येतो. हळू, अक्षराला अक्षर जोडत, एकही न वगळता. परवा बाईंनी आम्हा सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, ऐका, असं म्हणायचं. सगळा वर्ग माझ्या फोनकडं बघत राहिला. मला राग आला, अजून आहे. पण आवाज बारीक ऐकू येत होता, म्हणून मी फोन उचलून बाकावर उंच धरला.