लेन्समधली बुरशी

मंडळी, माझा वाढदिवस विसरलात, निदान ई-मेल उघडायला विसरू नका. मी सांगतेय, नात नीलू टाइप करतेय.

आज वाशीला तिच्या कॅमेऱ्यासाठी लांबचं जवळ दाखवणारी जुनी झूम लेन्स बघायला गेलो. रविवारी उरणला पक्ष्यांचे फोटो काढायचेत, मासिकाचं पहिलंच काम. लेन्स स्वस्त, पोरगी हरखली.

मी ती ट्यूबलाइटसमोर धरली. आत पांढरे तंतू!

"अहो, ही बुरशी," मी दुकानदाराला म्हटलं.

"धूळ आहे, आजी. लेन्सवरचे आकडे नातीकडून वाचून घेता, आतलं काय कळणार तुम्हाला?"

असा संताप आला! चाळीस वर्षं लोणच्याच्या बरण्या उजेडात धरून बघितल्यात, मला बुरशी शिकवतोय मेला!

नीलू तरी पाकीट उघडत होती. "पुसली की जाईल गं, आजी."

"बरणीच्या आतली बुरशी बाहेरून पुसून जाते का?"

शेवटी तिनं लेन्स परत ठेवली. आता गाल फुगवून टाइप करतेय.

कुणाच्या कपाटात चांगली लेन्स पडून आहे का? रविवारपुरती द्या. रत्नागिरीवाल्यांनो, सोबत आमसुलं पाठवा. मागच्यासारखी ओलसर नकोत, उजेडात धरून बघणार आहे.