मंगळवारी बायको कुठे जाते

मला लकवा मारला त्याला वर्ष होत आलं होतं. यवतमाळच्या दवाखान्यात व्यायाम शिकवून दिग्रसला घरी सोडलं, तेव्हा उजवा हात लुळा होता आणि शब्द तोंडात अडकत होते. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, बोलून बोलून घसा बसायचा. आता पाणी मागायचं तरी बायकोनं माझ्या तोंडाकडे पाहत बसायचं.

दिवाळीनंतर ती दर मंगळवारी दुपारी बाहेर जाऊ लागली. "भाजी घेऊन येतो," म्हणायची. शेजारच्या वहिनींना माझ्यापाशी बसवायची, चांगलं लुगडं नेसायची. दोन तासांनी यायची ती कोथिंबिरीची एक जुडी घेऊन. एकदा डोळे सुजलेले होते. एकदा मात्र स्वयंपाक करताना आपल्याशीच हसली. ते मला जास्त खुपलं. मला नागपूरला पोराकडे पोचवून मोकळं व्हायचा विचार चाललाय, असं मी धरून चाललो.

"ती... कुठं?" मी वहिनींना विचारलं.

"मले काय माहीत जी," म्हणत त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणजे ह्याही सामील.

पुढच्या मंगळवारी त्या कपडे काढायला गच्चीवर गेल्या, तसा मी काठी घेऊन निघालो. गल्लीच्या टोकाला बुद्ध विहाराच्या दारात तिच्या चपला दिसल्या. आतून तिचाच आवाज.

"बटनं लावून देल्ली तं चिडतात, नाही लावली तं तोंड फुगवतात. कधीकधी लय राग येते मले त्याईचा. मंग रडू येते."

"माह्यावाले तं ताटच फेकतात," दुसरी म्हणाली आणि चारपाच बाया हसल्या.

मी दारात उभा राहिलो. बैठक घेणाऱ्या सिस्टरनं उठून खुर्ची दिली. बायकोचा चेहरा उतरला.

"पेशंट सांभाळणाऱ्याईची बैठक आहे काका," सिस्टर म्हणाली. "घरी कोणापाशी बोलता येत नाही नं."

मला खूप बोलायचं होतं. एवढंच निघालं, "बोल."

ती उठून चपला घालू लागली. घरी येताना माझा दंड धरून म्हणाली, "सांगतलं असतं तं जाऊ देल्लं असतं तुमी?"

मी काठी पुढं टेकली.

आता ती सांगून जाते. मी अडवत नाही. पण परत आली की तिच्या तोंडाकडे पाहतो, आज माझ्याबद्दल काय सांगितलं असेल म्हणून. ती कोथिंबीर निवडत बसते.