जाळीपलीकडची मुलगी

"सर, इंदूबाईंचा तिसरा रिपोर्टही निगेटिव्ह आला. मुलगी परत द्या त्यांना."

सुपरिंटेंडेंट साहेबांनी कागद हातातही घेतला नाही. "आणखी वर्षभर बघू. रूल आहे."

मी म्हैसूरच्या एका कुष्ठरोग दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. कानाच्या पाळीला बारीक चीर द्यायची, तिथला द्राव स्लाइडवर घ्यायचा, मायक्रोस्कोपखाली जंतू शोधायचे. जंतू नाहीत, म्हणजे त्या माणसापासून कुणाला धोका नाही. एवढं साधं.

इंदूबाई हुणसूरच्या, शिवणकाम करणाऱ्या. घरी आमच्यासारखंच कन्नडमिश्रित मराठी. रोग कळल्यावर नवरा निघून गेला. चौदा महिन्यांची मुलगी आम्ही आमच्या बालगृहात ठेवून घेतली. भेट महिन्यातून एकदा, तीही जाळीबाहेरून. चार वर्षं बाईंनी एक गोळी चुकवली नाही. मुलीचे फ्रॉक नजरेच्या अंदाजानं शिवून आणायच्या. बहुतेक तोकडे व्हायचे.

"कुठला रूल? दाखवा."

"मॅडम, तुम्ही लॅब बघा. पोरीला रोग झाला तर जबाबदार कोण?"

"मी. लिहून देते. आणि चार वर्षं तिला आई मिळाली नाही, त्याला जबाबदार कोण?"

मी क्लार्ककडून फाइल काढून घेतली. जुना टाइप केलेला कागद होता. 'पालक संसर्गजन्य असेपर्यंत मूल वेगळे ठेवावे.' असेपर्यंत! हा शब्द कुणी वाचलाच नव्हता. मीही नाही. पहिल्या दोन निगेटिव्ह रिपोर्टांवर सही करून मी निवांत घरी गेले होते. संताप साहेबांचा आला, त्याहून जास्त स्वतःचा.

त्या फाइलला तिन्ही रिपोर्ट जोडून मी ती जिल्हा अधिकाऱ्यांकडे नेली. तीन आठवड्यांनी ऑर्डर आली.

आयानं मुलीला बाहेर आणलं. इंदूबाई पुढे झाल्या, तशी मुलीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. "मुट्टबारदु," म्हणाली. हात लावायचा नाही. आम्हीच शिकवलेलं.

इंदूबाई तिथल्या तिथे थांबल्या. "बरोबर आहे तिचं, अक्का."

"काही बरोबर नाही!" मी ओरडलेच. त्यांचा हात ओढून दोन्ही हातांत घट्ट धरला. मुलगी टक लावून बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं आईच्या पदराचं टोक चिमटीत धरलं. तेवढंच. तशाच दोघी बसस्टँडकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला, परवानगीशिवाय फाइल नेल्याबद्दल.

पुढे नव्या स्टाफला मी एकच सांगायची. मूल आत घेताना ते कधी परत द्यायचं, हे त्याच कागदावर लिहा. नंतर कुणी लिहीत नाही.